हिरव्या शिंगाकडचा स्क्रू

केनवड,
ता. २० एप्रिल १९७४

चि. इंद्रभानास जगदेवदादाचा जयभीम.

पत्र लिहायला बसलो खरा, पण सुरुवात कशी करावी ते सुचेना. चौदा एप्रिलला मालेगावला आपल्या वच्छलाच्या गायन पार्टीचा कारंज्याच्या पार्टीशी सामना होता. मैदानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. वच्छला उभी राहिली आणि पहिलं कडवं तिने असं उचललं, की समोरच्या पार्टीचा पेटीवालासुद्धा मान डोलवायला लागला. दुसऱ्या कडव्यात तिने वरचा सूर लावला आणि तिच्या तोंडातली दोन दातांची कवळी सुटून थेट आपल्या पेटीवर येऊन पडली. टक्क आवाज झाला. बाबा रे, तो आवाज लाउडस्पीकरमधून सगळ्या मालेगावाने ऐकला.

आधी कोणाला काही कळलंच नाही. मग मागून एकजण ओरडला, "अरे, बाईचे दात पडले ना बाप्पा!" आणि सगळं मैदान हसलं. मीही तिथेच होतो. माझ्या पायाखालची जमीन सरकली. वच्छलाने पदर तोंडाला लावला आणि ती स्टेजच्या मागून उतरून गेली. तेव्हापासून तिने एक ओळ म्हटलेली नाही. पार्टीतली पंचफुला रोज घरी येऊन बसते, तिची समजूत काढते आणि उठून जाते.

परवाच्या साली एस.टी.च्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला, पुढच्या सीटचा लोखंडी दांडा तोंडावर बसला आणि वरचे दोन दात गेले, हे तुला माहीत आहेच. कवळी वाशीमला केली, ती कधी नीट बसलीच नाही. काल माय म्हणाली, "तो इंद्रभान नागपूरले दातायचा डाक्टर होऊन राह्यला नं? मंग त्याले म्हणा, या पोरीच्या तोंडात रोवून दे दात. झाड रोवता येते, दात काहून नाई?" मायचं बोलणं मी हसण्यावारी नेलं, पण रात्रभर तेच डोक्यात राहिलं. असं काही असतं का रे? हिचं गाणं गेलं तर हिचं सगळंच गेलं, हे तुला वेगळं सांगायला नको.

तुझा,
जगदेवदादा


नागपूर,
ता. ६ मे १९७४

ती. जगदेवदादास सप्रेम जयभीम.

तुझं पत्र दवाखान्यात उभ्यानेच वाचलं. कवळी पेटीवर पडली इथपर्यंत मला हसू आलं होतं, आणि पुढच्याच ओळीला स्वतःची लाज वाटली. लहानपणी वच्छलाच्या आवाजाने आमच्या गल्लीतली माणसं कामं सोडून दारात यायची.

मोठमायला सांग, दात रोवता येतो! आमचे मोठे डॉक्टर परदेशात जाऊन तेच शिकून आले आहेत. जबड्याच्या हाडात भोक पाडायचं, त्यात धातूचा स्क्रू फिरवून बसवायचा, आणि काही महिने त्याला हात लावायचा नाही. हाड त्या स्क्रूला चहूबाजूंनी घट्ट धरतं. मग त्यावर दात. तो बोलताना, गाताना, हाड चावतानासुद्धा हलत नाही. सगळी गोम त्या भोकात आहे. भोक नीट तर हाड धरतं, नाहीतर स्क्रू लाकडाच्या कुजलेल्या खुंटीसारखा हलत राहतो.

त्यासाठी डॉक्टरांनी विजेची नवी मशीन आणली आहे. डोळ्याचं पातं लवायच्या आत भोक! आतापर्यंत आमच्याकडे पायाने चालवायची जुनी मशीन होती. पायडल मारा, पट्टा फिरणार, मग टोक फिरणार. कारंज्याला बाबांच्या शिलाई मशीनवर मी सातवीपासून पायडल मारलं, हे तुला ठाऊक आहे. दुकानात पाय हलवत बसायचं नाही म्हणूनच तर नागपूरला आलो, आणि इथे येऊन पुन्हा पायडलच नशिबी! नव्या मशीनने माझी त्यातून एकदाची सुटका केली.

पण माणसावर करण्याआधी जनावरावर करून बघावं लागतं. जूनमध्ये मी मशीन घेऊन मालेगावला येतो. बाजारातून एक तरणा बोकड घेऊन ठेव. गुरांचे डॉक्टर भूल देतील. बोकडाच्या खालच्या जबड्यात पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. एका बाजूला एका मशीनने आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्या मशीनने भोक पाडून दोन स्क्रू बसवतो. कोणती बाजू कोणत्या मशीनची ते तुलाही सांगणार नाही. सांगितलं की माणसाला तेच दिसतं, जे त्याला बघायचं असतं. खूण म्हणून त्याचं डावं शिंग हिरव्या तेलरंगाने रंगवीन. मग चार महिने बोकड तुमच्याकडे. नंतर मी येऊन तो कापीन आणि हाड तपासीन.

वच्छलाला म्हणावं, धीर धर.

तुझा,
इंद्रभान


केनवड,
ता. ३ जुलै १९७४

चि. इंद्रभानास जयभीम.

तू बोकड आमच्या गळ्यात बांधून गेलास, आणि इथे आमचं घर म्हणजे जत्रा झाली आहे. गावात बातमी अशी की मी, म्हणजे शाळेच्या मास्तरने, बोकडाला सोन्याचे दात बसवले. रोज कोणीतरी येतं, बोकडाचा ओठ वर करून बघतं आणि आश्चर्याने स्वतःच्याच तोंडात बोट घालतं. परवा देवलाबाई तर मायला म्हणाली, "केशरबाई, तुमचे घरी बोकडाचे दात बसवले, अन् पोरगी बिना दाताची?" मायने तिला चहा न देता वाटेला लावलं.

बोकडाचं नाव मायने "डाक्टर" ठेवलं आहे. तुझंच नाव चालवायचं म्हणते. पहिले काही दिवस तोंड सुजलं होतं, आता दोन्ही बाजूंनी चारा ओढतो. वच्छला त्याला पाला बारीक चिरून, भिजवून घालते. माझ्याशी ती चार शब्द बोलत नाही, पण बोकडाजवळ बसून गुणगुणते. मी दाराआड उभा राहून ऐकतो.

काल ती मला म्हणाली, "दादा, या डाक्टरचं कापून पायलं, अन् दोनीपैकी जे धरलं असन, तसंच माह्यं करायले सांगजो. त्याच्या अगुदर मी तोंड उघडनार नाई." मी तिला शब्द दिला आहे. लक्षात ठेव.

जगदेवदादा


नागपूर,
ता. २० सप्टेंबर १९७४

ती. दादास सप्रेम जयभीम.

एक बातमी आहे, रागावू नकोस. डिसेंबरात मुंबईला मोठी परिषद आहे. आमच्या डॉक्टरांना तिथे माणसाचा रुग्ण दाखवायचा आहे. त्यांनी स्वतः आणखी दोघांना स्क्रू बसवले आहेत. वच्छलाचं मी करावं असं ते म्हणाले. केवढा विश्वास टाकला बघ माझ्यावर!

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणशील. पण विचार कर, बोकड दोन्ही बाजूंनी खातो, पू नाही, सूज नाही, असं तूच लिहिलंस. म्हणजे दोन्ही धरले. कापून बघणं ही आता नुसती औपचारिकता उरली. वच्छलाची पार्टी दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणारच आहे, तेव्हा तिला माझ्याकडे ठेवून घेतो. एक स्क्रू लगेच बसवू, दुसरा पंधरा दिवसांनी. तिला दिलेला शब्द मी मोडत नाहीये, थोडा पुढे ओढतोय.

बोकडाला मात्र हात लावू नका. ऑक्टोबरात त्याचे चार महिने भरले, की मला सवड मिळेल तेव्हा येऊन कापायचाच आहे. तसं मी बाबांनाही कळवलं आहे, कारण बोकड कुठे आहे म्हणून ते सारखे विचारत असतात. ते अजून म्हणतात, "माणसाचे दात कोरायले नागपूर कायले पायजे?"

तुझा,
इंद्रभान


नागपूर,
ता. ३० ऑक्टोबर १९७४

ती. दादास वच्छलाचा जयभीम.

दीक्षाभूमीवर गर्दीत पंचफुलाची चप्पल हरवली, बाकी सगळ्या सुखरूप गावी परतल्या. माझा एक स्क्रू सोमवारी बसला. मायला सांग, दुखलं नाही, इंजेक्शनने ओठ लाकडासारखा झाला होता.

इंद्रभानभाऊने मला आधी समजावलं की बोकडाचं बरं झालंच आहे, वाट बघण्यात अर्थ नाही. तो इतका खुशीत होता की मला नाही म्हणवेना. पण दादा, ती नवी मशीन किंचाळते. डोक्याच्या आत कोणी शिट्टी मारतंय असं वाटलं. आणि एक वास आला. तो वास मला ओळखीचा वाटला म्हणून मी जास्त घाबरले. आपल्या घरी मुंडी चुलीवर भाजताना पहिल्यांदा येतो, तोच. मी हात वर केला. भाऊ म्हणाला, "होतं असं, एका क्षणाचं काम आहे." आणि खरंच क्षणात झालं.

आता ओठाखाली जीभ लावून बघते, लोखंडी दाणा लागतो. दुसरी बाजू बारा तारखेला करणार. तोपर्यंत मी इथेच. तुम्ही डाक्टरला पाला घालता ना? त्याला जाड काड्या देऊ नका.

तुझी,
वच्छला


केनवड,
ता. ५ नोव्हेंबर १९७४

चि. इंद्रभानास जयभीम.

खाई त्याला खवखवे म्हणतात. आम्ही खाल्लं आहे आणि मला आठ दिवस खवखवतंय. आज लिहूनच टाकतो. इंद्रभान, तुझा बोकड आम्ही खाल्ला.

आता पत्र फेकू नकोस, पुढे वाच. परवाच्या नव्हे, त्याच्या आदल्या रविवारी पुंजाजीकाका कारंज्याहून आले. मी शाळेच्या कामाने रिसोडला गेलो होतो. मायच्या घरात पाहुण्याला घालायला वांग्याशिवाय काही नव्हतं, आणि दीर तर वर्षाने आलेला. काका गोठ्यात गेले, हिरवं शिंग बघितलं आणि म्हणाले, "हाच का माह्या पोराचा बोकड? चार महिने झाले नं याले?" माय म्हणाली, झाले. "मंग झालं तं. कापायचाच व्हता. पोरानंच लिवलं मले." माय म्हणे, "अवो पण त्याले येऊ द्या." तर काका म्हणाले, "तो नागपूरहून येऊन कापनार, अन् आमी इथं वांगे खाऊन राह्यलो? माह्या पोराच्या बोकडावर माह्या हक नाई का?" मी घरी आलो तेव्हा मुंडी चुलीवर भाजून झाली होती, शिंगं उंबऱ्याशी पडली होती आणि माय माझ्याकडे बघत नव्हती.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण ओरडून काय उपयोग? बकरे की अम्मा कब तक खैर मनाती! मी एवढंच बघितलं की जबड्याचे दोन भाग वेगळे राहतील. हिरव्या शिंगाकडच्या अर्ध्याला दोरा बांधून शिजवलं. मास्तर आहे ना, खूण करायची सवय.

घरातल्या थोरल्याला मुंडीचा मान असतो, म्हणून ती काकांच्या ताटात गेली. दुसऱ्याच घासाला काका "अरे मेलो!" म्हणून उठले. रश्श्यातून स्क्रू त्यांच्या दाढेखाली आला होता. दोरा बांधलेल्या हिरव्या बाजूचा स्क्रू आपोआप सुटून रश्श्यात पडला होता. भोकाच्या आत बुळबुळीत कातडं होतं, बाकी काही नाही. काका म्हणाले, दुसराही काढून देतो, पोराचा माल आहे, वाया कायले घालवायचा? त्यांनी पक्कड मागवली. इंद्रभान, काकांनी पाटावर पाय देऊन ओढलं, मी ओढलं, शेजारच्या गोविंदाने ओढलं. हाडाला ओरखडे पडले, पण स्क्रू इकडचा तिकडे झाला नाही. शेवटी सगळे घाम पुसून हसायला लागले. काका म्हणतात, "एक तं पोरानं पक्का बसवला बाप्पा!"

दोन्ही अर्धे जबडे आणि सुटलेला स्क्रू मायने धुऊन उन्हात वाळवून ठेवले आहेत. तुझ्या अभ्यासाचं नुकसान झालं याचं फार वाईट वाटतं. वच्छलाचं पत्र पोचलं. तिचा एक स्क्रू बसला हे ऐकून मायने साखर वाटली. तिला एवढ्यात बोकडाचं सांगू नकोस, रडेल.

जगदेवदादा


तार

नागपूर, ८ नोव्हेंबर १९७४
जगदेव मास्तर, केनवड
दोन्ही हाडे दोरा न सोडता ताबडतोब पाठवा. बारा तारखेआधी पोचली पाहिजेत. इंद्रभान


नागपूर,
ता. १४ नोव्हेंबर १९७४

ती. दादास,

तुझं पत्र आलं तेव्हा मी वच्छलासमोर बसून चहा पीत होतो. "हिरव्या बाजूचा स्क्रू सुटून रश्श्यात पडला" ही ओळ वाचली आणि माझ्या हातातली बशी खाली गेली. वच्छला विचारत राहिली, काय झालं, माय बरी आहे ना? मी उठून तारघराकडे निघालो. दादा, हिरवी बाजू नव्या मशीनची होती.

विजेच्या मशीनची. तीच, जी मी वच्छलाच्या जबड्यात चालवली. जो घट्ट राहिला, ज्याला तिघांनी पक्कड लावून ओढलं, तो मी कंटाळत कंटाळत पायडल मारून, वरून थंड मिठाचं पाणी सोडत बसवला होता. त्या दिवशी मालेगावला मी मनात म्हणत होतो, ही बाजू जाणार, नवी राहणार. मला तसंच व्हायला हवं होतं.

मग वच्छलाचं आठवलं, तिने वर केलेला हात आठवला. हाड जिवंत असतं, हे आम्ही पुस्तकात वाचतो आणि विसरतो. मशीन इतकी वेगात फिरते की भोकाच्या भिंती भाजून निघतात. भाजलेलं हाड मेलं, की ते स्क्रूला धरत नाही. शरीर त्याच्याभोवती कातडं चढवून त्याला परकं करून टाकतं. वरून काही दिसत नाही, सूज नाही, पू नाही. तो वास तिने ओळखला आणि मी, शिकलेला गाढव, तिला "होतं असं" म्हणालो.

तुझी शाळा होती म्हणून हाडं घेऊन बाबा आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी त्यांनी माझ्या हातात दिली. ती पुडी मी डॉक्टरांच्या टेबलावर उघडली. ते चकित होऊन बघतच राहिले. मग म्हणाले, "शिजवलेल्या बोकडाचा पुरावा शास्त्रात चालत नाही. शिजवल्यावर काहीही सुटेल." मी म्हटलं, शिजवल्याने सुटला तर दोन्ही सुटायला हवे होते, एकाच भांड्यात होते. आणि मी त्यांच्या हातात पक्कड दिली. ते ओढायला लागले. आधी हसत, मग ओठ दाबून, मग दोन्ही हातांनी. शेवटी कडकन हाड मोडलं. स्क्रू निघाला, पण हाडाचा तुकडा अंगावर घेऊन निघाला.

डॉक्टर रुग्णाच्या स्टुलावर बसले. मग म्हणाले, "त्या दोघांना मी आता काय सांगू?" मशीनवर त्यांनी स्वतःच्या हाताने कापड टाकलं. मुंबईला ते जाणार नाहीत.

वच्छलाला मी सगळं सांगितलं, बोकड खाल्ल्यासकट. ती बोकडासाठी आधी रडली, नंतर स्वतःसाठी. मग म्हणाली, "भाऊ, म्या हात वर केला व्हता नं?" बस, एवढंच. तिचा स्क्रू मी परवा काढला. तो सहज निघाला. आतलं हाड पांढरं, कोरडं होतं, रक्ताचा थेंब नाही. ते खरवडून जिवंत हाडापर्यंत गेलो. ती जागा आता वर्षभर तशीच ठेवायची.

दुसऱ्या बाजूचं करायचं की नाही, हे मी तिलाच विचारलं. मला वाटलं उठून जाईल. ती म्हणाली, "कर. पन पायाची मशीन आन." मग मी पायडल मारलं. हळू, थोडं थोडं, थांबून, पाणी सोडून. वास आला नाही. बाबा दारात उभे होते. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं नाही, पूर्ण वेळ पायाकडे बघत होते. झाल्यावर बस धरायला निघून गेले.

मला माफ कर असं लिहायची हिंमत नाही.

इंद्रभान


केनवड,
ता. १९ नोव्हेंबर १९७४

इंद्रभान,

तुझं पत्र मी मायला वाचून दाखवलं. अर्ध्यावर माय उठून गेली आणि अजून तुझं नाव घेत नाही. मी नाव घेतो, कारण मला तुला विचारायचं आहे.

वच्छलाला शब्द मी दिला होता. तू तो "पुढे ओढला". कशासाठी? मुंबईच्या परिषदेसाठी? बोकडाला चार महिने दिलेस आणि माझ्या बहिणीला तेवढे दिवस वाट बघायला लावलं नाहीस! मला राहून राहून एकच गोष्ट धडकी भरवते. काका त्या रविवारी आले नसते, त्यांना वांग्याचा कंटाळा आला नसता, तर बारा तारखेला तू दुसऱ्या बाजूलाही तीच मशीन घातली असतीस. एका म्हाताऱ्याच्या खादाडपणाने माझ्या बहिणीचा अर्धा जबडा वाचला. डॉक्टर होऊन तुला याची लाज वाटली पाहिजे, आणि मास्तर होऊन मला. कारण बरं चाललंय, दोन्ही बाजूंनी खातो, असं तुला मीच लिहीत होतो. ओठ वर करून बघितलं म्हणजे हाड दिसतं असं समजणारा मीही त्या गावजत्रेतलाच एक.

मी आठ दिवस लाजेखातर पत्र लिहिलं नाही हेही खरं. चूक माझीही आहे. पण माझ्या चुकीने तुझी लहान होत नाही.

वच्छला घरी पोचली. गोठ्यात गेली, रिकाम्या दाव्याजवळ थोडा वेळ बसली. ती तुझ्यावर रागावलेली नाही, हे बघून मला आणखी राग येतो. तो दुसरा स्क्रू राहिला तर मी तुझ्याशी बोलेन. तोपर्यंत पत्र पाठवू नकोस.

जगदेव


केनवड,
ता. १८ एप्रिल १९७५

इंद्रभानभाऊस वच्छलाचा जयभीम.

तुम्ही दोघे भाऊ पाच महिने एकमेकांना लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. मार्चमध्ये तू स्क्रूवर दात बसवून मला परत पाठवलंस, तेव्हा दादा मला बसस्टँडवर घ्यायला आला होता. त्याने माझा दात दोन बोटांत धरून हलवून बघितला. भर बसस्टँडवर! लोक बघायला लागले. मग स्वतःशीच म्हणाला, "पक्का हाय." घरी येईपर्यंत तीन वेळा हलवून झाला.

चौदा एप्रिलला पुन्हा मालेगाव, पुन्हा कारंज्याचीच पार्टी. एक दात आहे, एक जागा रिकामी आहे. कवळी मी घरी ठेवली. पंचफुला म्हणाली, फट दिसेल. मी म्हटलं, दिसू दे. पहिलं कडवं झालं. दुसऱ्या कडव्यात तीच वरची जागा आली. आमच्या पेटीवाल्याने एका हाताने पेटी झाकली! खरं सांगते भाऊ, सगळं मैदान पेटीकडे बघत होतं, माझ्याकडे कोणीच नाही. मी सूर लावला. काही पडलं नाही. सूर तिथेच थांबवून धरला, आणि कारंज्याच्या पार्टीतली बाई उठून उभी राहिली. मग सगळे उभे राहिले. मला गाणं पुढे नेता येईना, कारण मी रडत होते. रिकाम्या फटीतून थोडी हवा निघते. ती निघू दे, तिची मला सवय झाली आहे.

दादा तिथे सगळ्यांना सांगत होता, "माह्या भावानं बसवला तो दात." तेव्हा आता तू त्याला लिही. वर्ष झालं की दुसरी बाजूही करू. घाई करू नकोस.

पुंजाजीकाका कार्यक्रमाला कारंज्याहून आले होते. परतताना माझ्याजवळ एक पुडी दिली आणि म्हणाले, "इंद्रभानले पत्र लिवशीन तं एवढं लिव." ते बोलले तसंच लिहिते:

"पाय बरा चालते तुह्या. एकसारखा चालते. उजवी टाच जरा जास्त दाबतं, ती लहानपणची खोड हाय, ते सोड. तुह्या मशीनीचा पट्टा ढिला व्हता, म्या दारातून पायला. पुडीत माह्या मशीनीचा हाय, नवाच टाकला व्हता. तो लाव."

तुझी,
वच्छला